ही आनंदाची बाब आहे

सिस्टर : हे अक्षर कोणाचं?

आबा : माझं. म्हणजे... वाचता येत नाहीये का? पेन जरा ठेचकाळत होतं.

सिस्टर : छापल्यासारखं आहे. त्याचाच राग येतोय. हा कागद मी तुमच्या नातीच्या हातात दिला होता, आबा.

आबा : हो, पण त्या हाताला तुम्हीच कच्चं प्लास्टर घातलंत. लिहिणार कशाने ती? म्हणून मी... तशी घरातली सगळी लिखापढी माझ्याकडेच असते. रेशनकार्ड, हिचा कॉलेजचा प्रवेश, शिष्यवृत्ती. देवपूरच्या शाळेत ग्रंथालय सांभाळायचो मी, छत्तीस वर्षं. कार्डं लिहायची, रजिस्टरं लिहायची. कोरा रकाना दिसला की हात आपोआप चालतो.

सिस्टर : दिपमाला, हे प्रश्न यांनी तुला वाचून दाखवले?

दिपमाला : मी एक्स-रेला होते.

आबा : तिचा वेळ वाचावा म्हणून. आणि प्रश्न तरी कसे आहेत? रागवू नका, पण पोरीसमोर ते उच्चारवले नसते मला. 'मी नसते तर घरच्यांचं बरं झालं असतं, असं गेल्या काही आठवड्यांत वाटलं का?' स्कूटीवरून पडून मनगट मोडलेल्या मुलीला हे विचारायचं? मला तर किळस आली वाचताना. तुमची नव्हे. प्रश्नाची.

सिस्टर : बारा ते पंचवीस वयाचं जे कुणी या कॅज्युअल्टीत येतं, त्या प्रत्येकाला विचारतो. हात मोडू दे, ताप असू दे, विंचू चावू दे. ज्याला सांगायचं असतं तो ते दुखणं घेऊन येत नाही, दुसरंच काहीतरी घेऊन येतो. चार प्रश्न असतात. चारही ठिकाणी तुम्ही 'नाही' लिहिलंय. नुसती खूण करायची होती, तुम्ही अक्षरात लिहिलंत. काना काय, वेलांटी काय!

आबा : खूण कुणीही करू शकतो, म्हणून.

सिस्टर : खाली सहीसुद्धा तुमचीच.

आबा : 'करिता' असं लिहिलंय आधी. 'दिपमाला मोतीलाल हिच्याकरिता'. खोटी सही केली नाही मी. आयुष्यात केली नाही.

सिस्टर : बरं, आणि हे काय? इथे छापील यादी आहे. 'गेल्या सहा महिन्यांतले ताणाचे प्रसंग'. नापास होणे, घरात कुणी जाणे, नोकरी सुटणे, लग्न ठरणे. यातलं एक खोडलंय कुणीतरी. पट्टी धरून खोडलंय.

आबा : ते... मीच.

सिस्टर : समासात लिहिलंय, वाचते. 'लग्न ठरणे ही आनंदाची बाब आहे. पुढील छपाईत यादीतून वगळावी.'

आबा : चूक दिसली की मला राहवत नाही, सिस्टर. वाईट खोड आहे, मान्य आहे. ग्रंथालयातल्या पुस्तकांवरसुद्धा मी पेन्सिलीने...

सिस्टर : हे पेनने आहे.

आबा : पेन्सिल नव्हती खिशात.

दिपमाला : सिस्टर, राहू द्या ना. दुसरा कागद नका आणू. हात दुखतोय, गोळी द्या आणि सोडा.

सिस्टर : गोळी देते. सोडायचं बघू. हिचं लग्न ठरलंय, असं दिसतंय यावरून.

आबा : एकवीस तारखेला. ही पत्रिका घ्या, गठ्ठाच आहे पिशवीत. देवपुरात वाटतच होतो की फोन आला, नात पुलावर पडली म्हणून. मजकूर माझाच आहे. छापखानेवाला म्हणाला, आबा, एवढ्या ओळी कुणी वाचत नाही. पण नातीच्या लग्नात तरी... मुलगा जामनेरचा आहे. हितेंद्रराव. बी-बियाण्यांचं, खतांचं दुकान आहे बाजारात. त्यांचे आजोबा तोताराम आणि मी बोर्डिंगात एका ताटात जेवलोय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साखरपुडा झाला. हिचा बायोडाटा मीच लिहिला होता. तोताराम म्हणाला, छगन, तुझं अक्षर बघूनच होकार दिला आम्ही.

सिस्टर : मुलगी बघितली का मग कुणी?

आबा : अं? हो, बघितली की. चेष्टा करताय तुम्ही.

दिपमाला : आबा, फोन.

आबा : माझा नाही वाजत.

दिपमाला : माझा. तुमच्या खिशात. घ्या लवकर, दोन रिंगा झाल्या.

सिस्टर : मग? तीन झाल्या तर काय होतं?

दिपमाला : काही नाही. घ्या आबा.

आबा : हॅलो... हं, हितेंद्रराव... दिसतोय का मी? हो, हो, इथेच आहे, माझ्यासमोर. मनगटाशी मोडलंय, कच्चं प्लास्टर आहे... नाही, डॉक्टर मघाशी येऊन गेले... हो, पुरुष होते... वय? असेल पस्तिशीचं... फिरवू? बरं, फिरवतो. हा पडदा. ही खाट. या सिस्टर... पलीकडे? थांबा, जरा सरकवतो. एक गृहस्थ झोपलेत. वयस्क आहेत हो, शुद्धीत नाहीत... बरं. बरं. दिपा, जरा हास बेटा, ते म्हणतायत चेहरा उतरलाय.

दिपमाला : हसले.

आबा : हसली, हितेंद्रराव... हो. ठेवतो... बघा सिस्टर, किती जीव लावतात. दुकान सोडून दर थोड्या वेळाने फोन. आमच्या वेळी लग्नाआधी बायकोचं नावसुद्धा...

सिस्टर : तुम्ही माझ्या पेशंटचा पडदा सरकवलात.

आबा : कुठला?

सिस्टर : शेजारच्या खाटेवरचा. अंगावर चादर धड नाही त्या बिचाऱ्याच्या. उलटी पुसायला मावशी अजून यायचीय. आणि तुम्ही जामनेरच्या दुकानात त्याला उघडा दाखवलात. मलाही दाखवलंत. मला विचारलंत?

आबा : अरेरे. नाही, माझ्या... ते म्हणाले म्हणून. माझ्या लक्षातच आलं नाही. चुकलो मी.

सिस्टर : दिपमाला, आज सकाळपासून हे कितव्यांदा?

दिपमाला : मोजत नाही आता. आधी मोजायचे.

सिस्टर : बरं. आबा, इकडे बघा. हे हिचे जुने केसपेपर. जुलैत चक्कर येऊन आणलं. सप्टेंबरात पुन्हा चक्कर. आज हात. त्याच्याआधी सगळ्या वर्षांत एकदाही आली नाही ही. जुलैच्या कागदावर कारण लिहिलंय, 'उपवासामुळे अशक्तपणा'. अक्षर ओळखा.

आबा : माझंच आहे. चतुर्थी होती त्या दिवशी.

दिपमाला : मी चतुर्थी करत नाही, आबा.

आबा : करत नाहीस?

दिपमाला : कधीच नाही केली.

सिस्टर : आणि हा त्यावेळचा प्रश्नांचा कागद. चार वेळा 'नाही'. तेव्हाही काना-वेलांटीसकट.

आबा : मग सप्टेंबरचा? सप्टेंबरात तर मी पिंपळनेरला होतो, हिच्या वडिलांकडे. कॉलेजसाठी ही इथे माझ्याकडे असते. शेजारच्या बाईंनी आणलं होतं हिला. तो तरी हिने स्वतः भरला असेल.

सिस्टर : हा सप्टेंबरचा. चारही 'नाही'वर खुणा. नाव नंतर लिहिलंय, शाई वेगळी आहे. आता सांगते, आणि पाहिजे तर हसा मला. तिकडे टेबलाच्या कप्प्यात असे कागद पडलेले असतात. दुपारच्या चहाला बसलं की 'नाही'वर खुणा करून ठेवायचे, पंचवीस-तीस. पोरगं आलं की नुसतं नाव टाकायचं. तपासणीला माणूस येतो, तो कागद आहे का एवढंच बघतो. आहे म्हटलं की पुढे जातो. सप्टेंबरातली ही खूण माझी आहे.

आबा : तुमची?

सिस्टर : माझी. अशी शेपूट मीच काढते टोकाला. मघाशी तुमचं अक्षर बघितलं आणि तुमच्यावर ओरडायला आले. मग हा केसपेपर काढला. मला वाटलं ओकारी येणार. त्या मावशीला दोन जागी पुसावं लागलं असतं.

दिपमाला : मला आठवतंय. तुम्ही म्हणाला होतात, काही टेन्शन नाही ना? आणि सलाईन शोधायला गेलात.

सिस्टर : तू काय म्हणाली होतीस?

दिपमाला : तुम्ही गेला होतात.

सिस्टर : आबा, तुम्ही जरा बाहेर थांबा.

आबा : मी? का? सिस्टर, परक्या माणसांत तिला एकटीला... तिचे आईवडील बसमध्ये आहेत, साक्रीच्या पुढे आलेत. ते पोहोचले की सगळे बसून विचारू ना. घरातल्या गोष्टी घरातल्यांसमोर विचाराव्यात, असं मला आपलं वाटतं. माझं चुकतही असेल.

सिस्टर : घरातल्यांसमोर विचारलं की घरातलेच उत्तर देतात. मागे एका मुलाला विचारलं, काय रे, मनात काही येतं का? बाप म्हणाला, आमच्याकडे असलं काही नसतं. मी तेच लिहिलं. महिन्याभरात पुन्हा आणला त्याला. तेव्हा बापाला सांगायला काही नव्हतं आणि मुलाला सांगता येत नव्हतं. वाचला तो, नशीब. पण मला त्या बापाचा आवाज अजून येतो. बाहेर थांबा.

आबा : दिपा, तू सांग यांना. तुला काही विशेष...

दिपमाला : आबा, माले बोलनं शे. तुम्ही जा.

सिस्टर : तिकडे पाण्याच्या टाकीपाशी. पडद्याला लागून नाही. पडद्यातून सगळं ऐकू येतं.

(आबा पिशवी आणि नातीचा फोन घेऊन बाहेर जातात.)

सिस्टर : बस नीट. उशी देऊ हाताखाली? हं. आता मला घाई नाही. शेजारच्या काकांना शुद्ध येईपर्यंत मी इथेच आहे.

दिपमाला : काय सांगू? तो मारत नाही. शिवी देत नाही. सकाळी गुलाबाचं चित्र पाठवतो, त्यावर दंव. दागिने मागितले नाहीत, हुंडा मागितला नाही. मैत्रिणी म्हणतात, नशीब काढलंस.

सिस्टर : मैत्रिणींचं नको. तुझं सांग.

दिपमाला : फोन चालू ठेवायचा. दिवसभर. वर्गात बसलं तर बाकावर, कॅमेरा सरांकडे. सर कोण, किती वयाचे, ते त्याला दिसलं पाहिजे. जेवताना समोर. न्हाणीघरात गेलं तर दाराबाहेर ठेवायचा, आवाज चालू. त्याला नळ ऐकू आला पाहिजे.

सिस्टर : शी!

दिपमाला : हो ना? मला वाटायचं मलाच तसं वाटतं. रात्री उशाशी. मी झोपले का ते त्याला श्वासावरून कळतं म्हणतो. खोटं झोपलं तर ओळखतो. म्हणजे मी श्वास पण त्याला कळेल असा घेते आता. झोप कधी लागते, माहीत नाही. मग चक्कर येते. मग आबा उपवास लिहितात.

सिस्टर : घरी सांगितलंस?

दिपमाला : आईला सांगितलं. ती म्हणाली, लग्न झालं की निवतं सगळं. आणि आबांना... सिस्टर, आबांना सांगायला गेले ना, की ते ऐकतात. खूप नीट ऐकतात. मग म्हणतात, यावर मी विचार करतो. आणि पुस्तक उघडतात. वाईट नाहीत ते. त्यांना कुणाला काही बोलवत नाही.

सिस्टर : आज पुलावर काय झालं?

दिपमाला : त्याने स्कूटीला लावायचं मोबाईलचं स्टँड पाठवलं होतं. घरातले सगळे म्हणाले, बघा किती काळजी. आबांनीच पाना घेऊन बसवलं, चष्मा सावरत. त्याच्यावर फोन लावायचा आणि चालू ठेवायचा. आज पुढे ट्रॅक्टर होता, कापसाचा. हळू चालला होता. हा म्हणत होता, सारखी रस्त्याकडे काय बघतेस, माझ्याकडे बघ. मी रस्त्याकडेच बघत होते. सगळं स्वच्छ दिसत होतं. ब्रेकवर बोटं होती.

सिस्टर : हं.

दिपमाला : दाबली नाहीत.

सिस्टर : हं.

दिपमाला : तुम्हाला राग नाही आला?

सिस्टर : नाही. पुढे सांग.

दिपमाला : मग दाबली. उशिरा. कुणी सांगितलं बोटांना, माहीत नाही. स्कूटी आडवी झाली, मी कठड्याशी. फोन स्टँडमध्येच होता, तो विचारत होता, कोण आलंय उचलायला? पुरुष आहे का?

सिस्टर : असं, आपण नसलेलं बरं, असं आजच वाटलं की आधीपण?

दिपमाला : दिवाळीपासून. रोज नाही. ज्या दिवशी पत्रिका छापून आल्या त्या दिवशी फार वाटलं. इतक्या छान छापल्यात.

सिस्टर : आणि आत्ता? या क्षणी, इथे बसल्या बसल्या?

दिपमाला : आत्ता नाही. आत्ता फोन आबांच्या खिशात आहे. आत्ता नुसता हात दुखतोय. बरं वाटतंय नुसता हात दुखतोय ते.

सिस्टर : आता मी सांगते ते ऐक. आज तुला घरी सोडायची नाही. मनाच्या डॉक्टर मॅडम जेवणानंतर येतात, त्यांच्याशी बोलायचं, हेच सगळं, पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा आला तरी. तोवर तुझ्याजवळ कुणीतरी बसेल, एकटी नाही ठेवणार. तो फोन माझ्या कप्प्यात. जामनेरहून कुणी आलं तर दारात मी आहे, आणि माझ्या आवाजाला इथले डॉक्टरही वचकून असतात. आणि तू मला सांगितलंस ते फार बरं केलंस. हा कोरा कागद, चारही प्रश्न वाचून घे. मी लिहिते.

दिपमाला : तुम्ही नका लिहू.

सिस्टर : का? मी या वेळी नीट लिहीन गं.

दिपमाला : तसं नाही. आबांना लिहू द्या. त्यांनी खोडून ठेवलंय ना, त्याच कागदावर. तुम्ही लिहिलेलं आमच्या घरात कुणी मानणार नाही. म्हणतील, दवाखान्यात काय वाट्टेल ते लिहितात. पण आबांनी लिहिलं की संपलं. बांधावरून भांडण झालं होतं, नऊ वर्षं. आबांनी एक कागद लिहिला आणि दोन्ही भाऊ गप्प. त्यांच्या अक्षरात असलं की बाबांना ते खरं वाटतं. मलासुद्धा वाटतं. मी हसतमुख आहे, असं बायोडाटात होतं. मी तीन दिवस हसत होते.

सिस्टर : ते लिहितील?

दिपमाला : माहीत नाही. हाक मारा.

सिस्टर : आबा! या आत. अहो, या ना. असे काय उभे राहिलात?

आबा : मी... आधी एक सांगायचं आहे. मग मला आत घ्यायचं का ते ठरवा.

सिस्टर : बोला.

आबा : मी काही ऐकलं नाही. टाकीपाशीच होतो. पण तो फोन पुन्हा आला. हितेंद्ररावांचा. मी म्हटलं, आत सिस्टर बोलतायत तिच्याशी. ते म्हणाले, एकटीच? काय बोलतायत? म्हटलं, मला माहीत नाही. तेव्हा ते म्हणाले, अगदी आदराने म्हणाले हो, 'आबा, तुम्ही फक्त फोन पडद्याजवळ धरा. तुम्ही नका ऐकू, मी ऐकतो.'

दिपमाला : आणि?

आबा : मी दोन पावलं आलो.

सिस्टर : आबा!

आबा : दोन पावलं आलो, सिस्टर. फोन असा पुढे धरून. कुणी सांगितलं की माझे पाय चालायला लागतात. मग समोर ती काच आहे ना, औषधांच्या खोलीची, तिच्यात एक म्हातारा दिसला. हातात फोन, मान वाकडी, चोरासारखा. शिसारी आली मला त्याची. क्षणभर कळलं नाही कोण आहे ते. मी फोन पिशवीत टाकला, पत्रिकांच्या खाली. तो तिथे थरथरतोय अजून. काढायची हिंमत नाही होत.

सिस्टर : द्या इकडे ती पिशवी. बसा. हा घ्या तुमचा कागद.

आबा : तो फाडा. दुसरा...

दिपमाला : फाडायचा नाही. तुम्ही लिहा त्यावर. मी सांगते तसं.

आबा : काय लिहू?

दिपमाला : चारातल्या तीन ठिकाणी 'हो'.

आबा : ...तीन?

दिपमाला : चौथा प्रश्न आत्ताचा आहे. त्याला 'नाही'च राहू द्या. ते एक बरोबर लिहिलं होतंत तुम्ही, न विचारता.

आबा : दिपा, बेटा, पुलावर... वाळू होती ना चाकाखाली? मी तुझ्या बाबांना तसं सांगितलंय. वाळू होती म्हणून.

दिपमाला : वाळू नव्हती, आबा.

आबा : नव्हती.

सिस्टर : पाणी घ्या. घ्या थोडं.

आबा : नको. सिस्टर, मी असं विचारतो... मी लिहिलं तर ते कायमचं होतं. एकशे चाळीस पत्रिका गेल्या आहेत. तोतारामला मी शब्द दिलाय. साठ वर्षांची... मी त्याला काय सांगू? मला तर दुकानदाराने सुटे कमी दिले तरी बोलवत नाही. आपण असं करू या का, आधी मोतीलालला येऊ दे, सगळे मिळून विचार करू, मग मी...

दिपमाला : आबा, माना प्रवेश तुम्ही लिखा. बायोडाटा तुम्ही लिखा. पत्रिका तुम्ही लिखी. माले जगनं शे का नही, हाई बी तुम्हीच लिखी टाकं. माले इचारं का? एकदा इचारा ना.

आबा : माले इचारता येत नही, माय. माले फक्त लिखता येस.

दिपमाला : मग लिखा.

सिस्टर : खाली काहीतरी घट्ट घ्या, पेन टोचेल. हा तुमचा पत्रिकांचा गठ्ठा घ्या.

आबा : हं. कुठे... पहिला प्रश्न. 'नाही' खोडू?

सिस्टर : खोडू नका. दिसू द्या काय लिहिलं होतं ते. शेजारी लिहा.

आबा : हो. ...हो. ...हो. झाले तीन. बघा कशी वाकडी अक्षरं आली. आणि ही यादी. हे लग्नाचं मी पट्टीने खोडलंय, आता काय करू? समासात लिहितो. 'वरील दुरुस्ती चुकीची होती. ही नोंद यादीत राहू द्यावी.' खाली माझं नाव. चालेल का, सिस्टर?

सिस्टर : चालेल.

आबा : फोन वाजतोय पुन्हा.

सिस्टर : माझ्याकडे आहे. कप्प्यात टाकते.

आबा : नाही, थांबा. द्या मला. एकदाच. दिपा, तुझ्याकडे नाही वळवणार, भिंतीकडे तोंड करून बोलतो... हॅलो. हं, मी छगन बोलतोय, तिचा आजोबा... नाही. नाही दाखवणार... नाही, हसणार नाही ती. ...हितेंद्रराव, तोतारामला घरीच थांबायला सांगा, मी उद्या जामनेरला येतो. पत्रिकांचं बोलायचं आहे... नाही, तुमच्याशी नाही. ठेवतो.

सिस्टर : द्या आता इकडे. अहो, पडेल तो, केवढा घाम आलाय हाताला!

आबा : मी नीट बोललो ना? 'राव' म्हणायला नको होतं बहुतेक. सवय... आणि उद्या जाईन की नाही, ते मला अजूनही खात्रीने... नाही. जाईन. मोतीलालला बरोबर नेईन. हा कागदही नेऊ का?

सिस्टर : कागद इथेच राहील. तुमच्या मुलाला दाखवायचा तर दाखवीन, पण ही हो म्हणाली तर. तिची गोष्ट आहे ती. आणि सही राहिलीय. 'करिता' चालणार नाही या वेळी.

आबा : तिचा उजवा हात...

सिस्टर : डावा आहे की.

दिपमाला : द्या. कागद धरा, आबा, सरकतोय. अजून घट्ट. ...मोतीलाल लिहू का पुढे?

आबा : तुला वाटलं तर.

दिपमाला : नुसतं दिपमाला लिहिते. ...शी, काय घाणेरडी आली. पहिलीतल्या मुलासारखी. 'मा' तर ओळखूच येत नाही.

आबा : येतंय वाचता.